कातळाखाली ठेवलेलं

बोडिलला जमीन ऐकू येते, असं तिचा नवरा एब्बे लोकांना सांगायचा. अर्थात तिला चिडवायला. हेरिंग मासे धुरावण्याच्या त्याच्या भट्टीसमोर गिऱ्हाइकांची रांग लागली की त्याला हमखास चेव यायचा. "आमची बोडिल रविवारी देवाला गाणं ऐकवते, आणि बाकीचे दिवस ढेकळांचं गाणं ऐकत हिंडते. घरात मी हाक मारली तर मात्र तिला ऐकू येत नाही हो!"

एब्बेचं अगदीच खोटं नव्हतं. बोडिल गावच्या गोल चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची, आणि सवड मिळाली की मातीतले धातू शोधायचा डिटेक्टर खांद्याला लावून शेतांतून फिरायची. बॉर्नहोम बेटाच्या त्या पूर्वेच्या अंगाची मातीच अशी, की नांगर फिरला म्हणजे जुनंपानं काहीतरी वर येणारच. हिवाळ्यात गावच्या सभागृहात ती आपली लूट टेबलावर मांडायची, आणि म्हातारी मंडळी केकचे तुकडे तोंडात घोळवत कुठलं बकल कुणाच्या खापरपणजोबाचं असेल यावर तास तास वाद घालायची.

पण तिचा खरा जीव रमायचा तो शोधण्यात. कानांवर हेडफोन चढवला की वारा, समुद्र, रस्त्यावरचा ट्रॅक्टर सगळं लांब जायचं आणि फक्त सूर उरायचे. लोखंड घोगरं बोलायचं, पडशानं घसा बसलेल्या माणसासारखं. शिशाचा आवाज जाडसर, आळसावलेला. तांबं आणि कासं गोल, भरीव. आणि चांदी आली की एकच स्वच्छ सूर उठायचा, पहाटे सगळ्यांच्या आधी जागा झालेल्या पाखरासारखा. त्या सुरांमधून चालता चालता तिला वाटायचं, आपण शेतावर चालतच नाही आहोत. खाली तळं आहे, गढूळ, शांत. त्यात नाणी, बिल्ले, खिळे, तुटकी बकलं आपापल्या खोलीवर माशांसारखी निवांत तरंगताहेत, आणि आपण वरून हळूच सावली टाकत पुढं सरकतो आहोत.

ती सगळ्यात जास्त जायची टोरा कोफोडच्या शेतात. टोरा ऐंशीच्या घरातली. जमीन शेजाऱ्याला कसायला दिलेली, मुलं कोपनहेगनला, आणि घरात ती आणि एक लठ्ठ मांजर. बोडिलला शेतात यायची परवानगी देताना तिनं दोनच अटी घातल्या होत्या.

"फाटक लावून घ्यायचं. आणि जे सापडेल ते आधी माझ्या टेबलावर यायचं. म्युझियमला काय घाई आहे? इतकी वर्षं मातीत होतं, अजून एक कॉफी होईपर्यंत थांबेल."

मग बोडिल मेणकापडावर एकेक वस्तू मांडायची आणि टोरा भिंग घेऊन वाकायची. ही वस्तू कुठल्या काळातली हे ती कधी विचारत नसे. "कुणाचं गं हे?" असं विचारायची. आणि स्वतःच म्हणायची, "हरवलं असेल बिचारीचं. अंधार पडेपर्यंत शोधलं असेल. घरी जाऊन बोलणी खाल्ली असतील." जणू ती बाई कालच फाटकाशी येऊन विचारून गेली होती.

त्या वर्षी एप्रिलात कुळवणी झाली होती आणि बार्ली पेरायची बाकी होती. बोडिल सकाळीच टोराच्या मधल्या शेतात पोचली. ऊन होतं, चंडोल वर कुठंतरी आभाळात गात होते. अर्धं शेत होतं न होतं तोच समुद्रावरून धुकं आलं. तिकडे वसंतात असं होतंच. बघता बघता पांढरा लोट चढावरून वर येतो आणि सगळं गिळतो. आधी समुद्र गेला, मग टोराच्या घराचं लाल छप्पर, मग फाटक. उरलं ते बोडिलच्या पायांभोवतीचं थोडंसं ओलं रान.

शहाणं माणूस अशा वेळी घरी गेलं असतं. बोडिल मात्र चालत राहिली. धुक्यात तिला सूर जास्तच गोड लागत. कुठं वळलो, कुठं आलो याचं भान सुटलं, आणि पायाला गवत लागलं तेव्हा तिला कळलं की आपण कातळापाशी आलो.

शेताच्या मधोमध ग्रॅनाइटचा तो एक उंचवटा होता, गाईच्या पाठीएवढा. नांगर नेहमी त्याला वळसा घालून जायचा. त्याच्या कडेला काटेरी झुडपं, त्यांच्या बुडाशी निळी रानफुलं. बोडिलनं सहज, काही मनात नसताना, डिटेक्टर कातळाच्या कुशीत फिरवला.

सूर आला. एक नव्हे, बरेचसे एकदम. कासं, चांदी, पुन्हा कासं, आणि त्यांच्या वर काहीतरी इतकं बारीक की कानात वाजलं की मनात, ते तिला सांगता आलं नसतं. ऑर्गनच्या पट्टीवर चुकून पंजा पडावा तसा तो आवाज होता, फक्त बेसूर नव्हता.

ती गुडघ्यांवर बसली. हातानं गवत बाजूला केलं. खाली ताटाएवढा एक चपटा दगड. तिनं बोटं घालून तो एका बाजूनं उचलला.

आत एक हिरवा पक्षी झोपला होता. काशाचा, बोटाएवढा, चोच वळवून पाठीत खुपसलेली. त्याच्या शेजारी काळवंडलेली चांदीची चकती. आणखी काहीबाही. आणि मातीच्या एका कणाला चिकटलेला, नखाएवढा, कागदाहून पातळ सोन्याचा तुकडा, ज्याच्यावर धुक्यातला तेवढासाच उजेड येऊन बसला होता. पांघरूण ओढून घेतल्यावर पोरं उघडी पडावीत तसं वाटलं तिला. तिनं दगड हलकेच पुन्हा टेकवला, हात गवताला पुसले आणि म्युझियममधल्या लिवला फोन लावला. नांगरानं ढवळलेल्या मातीत मिळालं तर उचलावं, पण जिथं कुणी काही जपून ठेवल्यासारखं दिसतं तिथं हात लावायचा नाही, हा त्या छंदातला पहिला धडा होता.

लिव तरुण होती, बोलायला भराभर, आणि तिची गाडी तिच्याहून जास्त आवाज करायची. ती आली तोवर धुकं विरळ होत होतं. दोघी कातळापाशी पोटावर आडव्या झाल्या. लिवनं मऊ कुंचल्यानं माती सारली आणि एकेक वस्तू उचलून पांढऱ्या ताटलीत ठेवायला लागली.

"हा रोमन बादशहा," ती चांदीच्या चकतीला म्हणाली. "नाक झिजलंय साहेबांचं. ही अर्धी कापलेली अरबी चांदी. पक्ष्याची पिन, झग्याला लावायची. आणि हे... बोडिल, हे बघा."

सोन्याच्या त्या पापुद्र्यावर दोन माणसं होती. एक पुरुष, एक बाई. नाकाला नाक लागेल इतकी जवळ, एकमेकांच्या दंडाला धरून उभी. ती इतकी छोटी होती की श्वास रोखून पाहावं लागत होतं, नाहीतर उडून गेली असती.

"प्रश्न असा आहे," लिव कोपरांवर रेलून म्हणाली, "की ही मंडळी एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. हा बादशहा मेल्यावर कित्येक शतकांनी हा पक्षी घडवला. ती अरबी चांदी त्याच्याही नंतरची. एका खड्ड्यात करताहेत काय?"

मग मातीतून निघालं शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान, अगदी अलीकडचं, आजीच्या टोपलीत असतं तसं. आणि सगळ्यांत शेवटी एक पितळी गुंडी. लिवनं ती अंगठ्यानं पुसली. वर तारा होता, ताऱ्यात विळा-हातोडा.

लिव खो खो हसत सुटली. "रशियन सैनिकाची! युद्ध संपल्यावर बेटावर होते ना ते, जवळजवळ वर्षभर. म्हणजे हे सगळं त्यानंतर कुणीतरी ठेवलंय."

"कुणी?"

"ज्याला बादशहा, सोनं आणि गुंडी सगळं सारखंच मोलाचं वाटत होतं अशा कुणीतरी," लिव म्हणाली. मग तिचं हसू हळूहळू मावळलं आणि ती त्या ताटलीकडे बघत राहिली.

लिव सगळं घेऊन गेली. मातीतून निघालेलं असलं सोनं-चांदी त्या देशात सरकारचं. त्यात कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं. बोडिल फोनमधले फोटो घेऊन टोराकडे गेली. आधी माझ्या टेबलावर, ही अट आज मोडली होती, म्हणून ती जरा ओशाळली होती. टोरानं राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मांडून ठेवला होता.

"आज काय मज्जा झाली सांगू का?" म्हणत बोडिलनं फोन पुढं केला.

टोरानं भिंग लावलं. एकेक फोटो तिनं पुढं सरकवला. कुणाचं गं हे, असं या वेळी तिनं विचारलं नाही.

"कुठून काढलंस?"

"मधल्या शेतातल्या कातळापाशी. एक चपटा दगड होता—"

"दगड उचललास तू?"

"हो, पण वस्तू लिवला बोलावून मगच—"

"परत ठेव."

बोडिलला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "टोरा, ते आता म्युझियमकडे गेलं. कायदाच आहे ना तसा. पक्षी, नाणी, सोनं..."

"कायदा वरच्यांचा," टोरा म्हणाली. तिनं फोन बोडिलकडे परत सरकवला. "मी तुला जमीन बघायला दिली होती. दगड उलथायला दिली नव्हती. परत ठेव म्हणते ना मी!"

"पण तुम्हाला माहीत होतं का तिथं—"

"जाताना फाटक लावून घे. आणि पुन्हा उघडू नकोस."

हेरिंग तसाच राहिला. मांजरसुद्धा टेबलाखालून निघून गेलं होतं.

एब्बेनं आपल्या परीनं समजूत घातली. "अगं, म्हातारीला सोन्याचा मोह पडला असेल."

"गप रे. तिला कसला मोह? तिच्याकडे दोन झगे आहेत आणि दोन्ही निळे."

"मग हट्ट. कोफोडांच्या घराण्यातच हट्ट आहे. तिच्या बापानं म्हणे बैलाशी अबोला धरला होता."

बोडिलला हसू आलं नाही. दुसऱ्या कुणाच्याही शेतात जायला तिला मन होईना. डिटेक्टर दाराआड टेकलेला राहिला. त्या दिवसांत तिला एक स्वप्न पडायचं. तेच तळं, पण पाणी आटलेलं. चिखलात मासे नाहीत, नाणी नाहीत, काही नाही. फक्त पलीकडच्या काठावर कुणीतरी पाठमोरं उभं. ती हाक मारायची, पण आवाजाऐवजी ऑर्गनच्या फुटक्या नळीतून निघावी तशी नुसती हवा निघायची. रविवारी तिनं एका भजनाचं कडवं दोनदा वाजवलं आणि लोक बिचारे मुकाट्यानं दोनदा गायले.

मे लागला. बार्ली हिरवी होऊन वर आली होती. एका दुपारी बोडिल रिकाम्या चर्चमध्ये सराव करत होती. चुना दिलेल्या गोल भिंतींवरून सूर फिरून फिरून परत येत होते, त्यामुळे दार वाजलेलं तिला कळलं नाही. मान वळवली तर मधल्या जाड खांबाच्या कडेला, बाकावर टोरा बसलेली. काठी गुडघ्यांमध्ये, डोक्यावर निळी टोपी.

बोडिलनं हात उचलले.

"थांबू नकोस. वाजव," टोरा म्हणाली. "कुणी बघत असलं की मला बोलता येत नाही."

म्हणून बोडिल वाजवत राहिली. फार काही नाही, खालच्या पट्टीतले लांब लांब सूर, एकातून दुसरा. टोरा तिच्या पाठीशी बोलायला लागली.

"माझ्या आईला छातीचं दुखणं होतं, क्षय. मला कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी मी उठले तर स्वयंपाकघरात ती नाही. रात्रीच बोटीनं नेलं होतं, तिकडे मोठ्या भूमीवर, दवाखान्यात. बापाला विचारलं की म्हणायचा, विश्रांती घेतेय. दुसरा शब्द नाही. बैलाशी न बोलणारा माणूस, माझ्याशी काय बोलणार?"

बोडिलचं एक बोट घसरलं, पण तिनं सावरलं.

"मग आत्या आली घर बघायला. एकदा ती दारात शेजारणीशी बोलत होती आणि मी टेबलाखाली होते. म्हणाली, 'वसंतापर्यंत ती भुईखाली जाईल बघ.' आता, भुईखाली कोण राहतं हे मला ठाऊक होतं. सगळ्याच पोरांना ठाऊक होतं. लाल टोप्यांची माणसं. धुकं पडलं की बाहेर येतात, ढोल वाजवतात, कवायत करतात. आमच्या कातळाखाली त्यांचं दार आहे, असं आमचा गडी सांगायचा. म्हटलं, असं आहे होय! त्यांना माझी आई हवी आहे. मग बाबांशी, आत्याशी बोलून काय उपयोग? त्यांच्याशीच बोलायला हवं."

"आणि ते पक्षी, नाणी?"

"बाप नांगरत असायचा, मी मागून अनवाणी. काही चकाकलं की उचलायचं, एप्रनच्या खिशात टाकायचं. माझ्या मते ते सगळं त्यांचंच होतं. मातीतलं होतं ना? म्हटलं, त्यांचं त्यांना परत दिलं तर ते खूश होतील. एकेक करून दगडाखाली ठेवत गेले. मग मला वाटलं, त्यांचंच त्यांना देऊन भागायचं नाही, आपल्याही घरचं काहीतरी हवं. एक रशियन पोरगा अंडी न्यायला यायचा, त्याची गुंडी तुटायला आली होती, ती मी मागून घेतली. ती माझी सगळ्यात लाडकी वस्तू. आणि आईचं अंगुस्तान. ते ठेवताना मात्र रडले."

ऑर्गन आता अगदी हळू वाजत होता. बोडिलला राहवलं नाही. "आणि आई?"

"आली की!" टोराचा आवाज एकदम खुलला. "पुढच्या उन्हाळ्यात. ही अशी गुटगुटीत होऊन. दवाखान्यात साय खायला घालायचे आणि गॅलरीत झोपवायचे. बोटीवरून उतरली तेव्हा मी ओळखलंच नाही, बापाच्या मागं लपले. आणि घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न काय? 'माझं अंगुस्तान कुठं गेलं?' आत्यानं घर पालथं घातलं. मी मार खाल्ला, पण बोलले नाही. सांगितलं तर सौदा मोडला असता."

बोडिलनं आता हात थांबवलेच. सूर भिंतींवरून फिरत विरले. तिनं बाकावरून अंग वळवलं.

"माझ्या लग्नात नाचली आई," टोरा म्हणाली. "माझी पोरं खेळवली. त्या लोकांनी शब्द पाळला, बोडिल. मला कळतं गं, मी काही वेडी नाही. ती हवेनं बरी झाली असेल, सायीनं झाली असेल. पण जिनं ते दगडाखाली ठेवलं ती आठ वर्षांची होती. तिला मी काय तोंड दाखवू?"

बोडिल उठून तिच्याशेजारी जाऊन बसली. मग तिनं विचारलं, "बघायच्या आहेत का त्या वस्तू? पुन्हा एकदा?"

लिवनं म्युझियममागच्या खोलीत मऊ कापडावर सगळं मांडून ठेवलं होतं. बोडिलनं तिला फोनवर सारं सांगितलं होतं. टोरानं खुर्ची ओढून घेतली. पक्ष्याला तिनं बोटानं पाठीवर थोपटलं. बादशहाकडे ढुंकून पाहिलं नाही. सोन्याच्या पापुद्र्यापाशी मात्र थबकली.

"हा? मला वाटलं होतं चॉकलेटचा कागद आहे. रशियन पोरानं टाकला असेल." तिनं भिंग लावलं. "अगंबाई! माणसं आहेत यात!"

"दीड हजार वर्षांपूर्वीची," लिव म्हणाली. "असे तुकडे या बेटावर पुष्कळ निघतात. कशासाठी करायचे ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. पण मुद्दाम मातीत ठेवत असावेत, असं वाटतं. काहीतरी मागायला."

"मग मिळालं का तिला?"

"कुणाला?"

"जिनं मागितलं तिला."

लिवनं बोडिलकडे पाहिलं, मग त्या सोन्याकडे. "ते कसं कळणार?" ती हळूच म्हणाली.

"विचारायला हवं होतं कुणीतरी," टोरा म्हणाली, आणि भिंग खाली ठेवलं.

जुन्या वस्तू परत देणं लिवच्या हातात नव्हतं आणि टोरानंही पुन्हा तो विषय काढला नाही. पण गुंडी आणि अंगुस्तान सरकारच्या कामाचे नव्हते. ते लिवनं एका छोट्या पाकिटात घालून टोरापुढं धरलं.

टोरानं हात मागं घेतला. "मला नाही घेता यायचं. दिलेलं आहे ते."

"मग बोडिलना देते," लिव म्हणाली. "ज्यांनी उचललं त्यांनीच जाऊन ठेवावं."

घरी परतताना बोडिलच्या मनात एकच घोळत होतं. पक्षी गेला, सोनं गेलं, चांदी गेली. त्यांच्या जागी नुसती गुंडी आणि अंगुस्तान ठेवून कसं चालेल? दगड आपण उचलला होता. तिनं संध्याकाळी आपलं कपाट उघडलं. काही वर्षांपूर्वी चर्चचा ऑर्गन दुरुस्त केला तेव्हा त्याची सगळ्यात लहान नळी बदलावी लागली होती. करंगळीएवढी, कथील आणि शिशाची, तोंडाशी चिरलेली. फेकवेना म्हणून तिनं ती रुमालात गुंडाळून ठेवली होती. कित्येक पिढ्यांची लग्नं आणि मर्तिकं त्या नळीतून गेली होती.

"हे कुठं निघालीस घेऊन?" एब्बेनं विचारलं.

"देऊन टाकायला."

"कुणाला?"

"तुला खोटं वाटेल."

एब्बेनं तिच्याकडे नीट पाहिलं, आणि का कोण जाणे, त्यानं विनोद केला नाही. भट्टीवरून नुकतेच उतरवलेले चार सोनेरी हेरिंग कागदात बांधून तिच्या हातात दिले. "हे टोराला. मागच्या वेळचा राहिला ना खायचा."

सकाळ स्वच्छ होती. टोरा फाटकाशी येऊन उभी होती. फाटक तिनंच उघडलं. बार्लीच्या कडेकडेनं दोघी कातळापर्यंत गेल्या, टोरा काठी टेकत, बोडिल तिचा दंड धरून. वाऱ्यानं पिकावरून लांब लांब लाटा जात होत्या आणि त्यांच्यामधून चालताना बोडिलला क्षणभर वाटलं, कातळ हेच बेट आहे आणि आपण वल्हवत तिथं चाललो आहोत.

दगड उचलला. खालची माती अजून खोलगट होती. बोडिलनं वाकून गुंडी ठेवली, मग अंगुस्तान. शेवटी तिनं रुमाल सोडला आणि नळी बाहेर काढली.

"हे काय गं?"

बोडिलनं नळी ओठांना लावून फुंकली. झुडपातला एक पक्षी उडाला.

"मला काहीच ऐकू आलं नाही," टोरा म्हणाली.

"ऑर्गनचा सगळ्यात वरचा सूर आहे. तुमच्या वयाला नाही ऐकू येत."

"माझं वय काढू नकोस. त्यांना येईल का?"

"त्यांना येईल."

"मग ठेव. पण काहीतरी माग. नुसतं ठेवलं तर त्यांना कळत नाही कशासाठी आलंय."

बोडिल जरा विचारात पडली. मग नळी मातीत आडवी ठेवत मोठ्यानं म्हणाली, "हे शेत मला पुन्हा मिळू दे."

टोरा अशी काही हसली की तिला काठीवर रेलावं लागलं. "अगं वेडे! ते माझ्या हातात आहे! त्यासाठी त्यांना कशाला उठवायचं? घे, दिलं तुला शेत. हा कातळ सोडून सगळं. आता नीट माग. मनात."

बोडिलनं डोळे मिटले आणि मनात मागितलं. काय ते तिनं कुणाला सांगितलं नाही, एब्बेलासुद्धा. मग दोघींनी मिळून दगड बसवला, आणि टोरानं खाली वाकून बेटाच्या जुन्या बोलीत काहीतरी पुटपुटलं, शेजाऱ्याला दारातून निरोप द्यावा तशा सुरात.

नंतर त्या कातळाच्या उन्हाच्या बाजूला टेकून बसल्या. बोडिलनं कागद उलगडला. हेरिंग बोटांनीच खाल्ले, काटे गवतात टाकले. समोर समुद्र होता, त्याच्यावर एक पांढरी बोट जवळजवळ न हलता चालली होती. टोरा आपल्या आईविषयी सांगत होती. ती झोपाळू आवाजात कशी गायची, पाव मळताना कशी नाक खाजवायची. वाक्यं हळूहळू लांबत गेली, मध्येच तुटायला लागली, आणि तिचं डोकं बोडिलच्या खांद्यावर येऊन टेकलं.

झोपली होती. तोंड किंचित उघडं, टोपी एका बाजूला कललेली.

बोडिलचा हात थोड्याच वेळात बधिर झाला. तिनं तो हलवला नाही. चंडोल इतके वर गेले होते की दिसत नव्हते, नुसते ऐकू येत होते, आणि ऊन झुडपाच्या टोकावरून सरकत तिच्या बुटांवर येत होतं.